मान वळते का, ते आधी बघा

महिना-दीड महिन्यातून एकदा हा प्रश्न येतोच. कुणाच्या तरी लेकीचा वाढदिवस असतो, भाच्याची मुंज असते, आणि मी लेगोचे, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांचे, सेट जोडते हे माहीत असलेलं कुणीतरी फोन करतं. "ताई, सिनेमातल्या पात्राचा सेट घ्यायचा म्हणतोय. पाच-सहा हजारांचा आहे. एकदा जोडला की कपाटावर जाऊन बसणार. त्यापेक्षा साध्या विटांचा डबा बरा नाही का?"

फोनवर दोन मिनिटांत जे सांगते ते अपुरं राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

घरात लेगो पहिल्यांदाच येत असेल तर साध्या विटाच घ्या, यात मला शंका नाही. दोन बाय चार गुंड्यांच्या (गुंडी म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा), एकाच रंगाच्या सहा विटा एकमेकींत किती तऱ्हांनी बसवता येतात याचा हिशोब गणितज्ञांनी केलेला आहे: 91 कोटी 51 लाख 3 हजार 765. मुलाला एवढं मोकळं रान दुसऱ्या कुठल्या खेळण्यात मिळतं? पण तो डबा घरात आहे, वापरून झाला आहे आणि मूल आता एखाद्या पात्रासाठी हटून बसलंय, तर त्याला "तेच ते ठोकळे" म्हणून परतवू नका. पात्राचा चांगला सेट वेगळं काही शिकवतो. हे मला कळलं ते वॉल-ईमुळे.

पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा 'वॉल-ई' हा सिनेमा 2008 साली आला. ओसाड पृथ्वीवर सातशे वर्षं एकटाच कचरा दाबून त्याचे ठोकळे करत राहिलेला छोटा यंत्रमानव. त्याला तोंड नाही, नाक नाही, भुवया नाहीत. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन एकदा बेसबॉलचा सामना बघायला गेला होता. कुणाची तरी दुर्बीण हातात आली आणि ती उलटी धरून तो तिच्याकडेच बघत बसला. दोन्ही नळ्या मधल्या बिजागरीवर जरा वाकवल्या की दुर्बीण दुःखी दिसते, उलट्या वाकवल्या की खुलते. या नादात समोरचा अख्खा डाव बघायचा राहून गेला. वॉल-ईचा चेहरा म्हणजे ती दुर्बीण.

त्याच सिनेमाच्या अ‍ॅनिमेटर्सपैकी अँगस मॅकलेन हा लेगोचा मोठा वेडा. पडद्यावर वॉल-ईला हलवता हलवता तो त्याला विटांमध्येही बांधू लागला, आणि पुढे कितीतरी वर्षं ते मॉडेल सुधारत राहिला. लेगोची एक योजना आहे: कुणीही आपलं डिझाइन मांडावं, दहा हजार लोकांनी पाठिंबा दिला की कंपनी त्याचा विचार करते. मॅकलेननेही याच रांगेतून डिझाइन पुढे नेलं आणि सप्टेंबर 2015 मध्ये वॉल-ईचा सेट बाजारात आला. 677 तुकडे, उंची जेमतेम वीतभर.

पहिल्या खेपेत एक अडचण निघाली. मान सैल होती, डोक्याचा भार तिला पेलवेना. दुसरं एखादं मॉडेल असतं तर लोकांनी चालवून घेतलं असतं, पण इथे मान गेली म्हणजे पात्रच गेलं. कंपनीने मानेची रचना बदलली आणि ज्यांनी आधी घेतला होता त्यांनाही नवे भाग मिळतील अशी सोय केली. आमच्या घरी आला तो नव्या मानेचा.

भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता. दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आला होता. आम्ही स्टीलची ताटं मांडली, एकात पिवळे तुकडे, एकात काळे, एकात राखाडी. अगदी बारीक होते ते फराळाच्या वाट्यांमध्ये. पहिला दिवस वॉल-ईचं धड बांधण्यात गेला. खरं सांगायचं तर तो भाग कंटाळवाणा होता. पिवळी पेटी, तिच्या आत आडवे-उभे आधार, बस्स. मूल उठून जाईल असं वाटत होतं. त्याला धरून ठेवलं ते एका गोष्टीने. अशा सेटमध्ये पुष्कळशा विटा आडव्या बसवाव्या लागतात, म्हणजे त्यांच्या गुंड्या वर न येता बाजूला येतात. मग दोन्हींचं माप जुळतं कसं? त्याने पाच चपट्या प्लेटी एकावर एक लावल्या आणि दोन गुंड्यांच्या विटेशेजारी धरून बघितल्या. बरोबर सारख्या. मग कंपासमधली पट्टी घेऊन आला. एका प्लेटची जाडी 3.2 मिलिमीटर, पाचांची 16. एका गुंडीपासून दुसरीपर्यंतचं अंतर 8, दोनांचं 16. "मावशी, हे त्यांनी मुद्दाम ठेवलंय!" हो, मुद्दामच. त्या दिवशी त्याने घरातल्या सगळ्या विटांना पट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी पट्टे बसले, हात बसले. तरी टेबलावर होती ती एक गाडीच. मग डोकं जोडलं. वॉल-ई सरळ समोर बघत होता, निर्विकार. भाच्याने एका बोटाने डोकं जरासं खाली केलं आणि थोडं डावीकडे कलतं ठेवलं. तेवढंच. आणि तो हळूच म्हणाला, "लाजतोय."

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या एका शब्दात आहे. पात्राचा स्वभाव कुठल्या सांध्यात आहे, हे सेट बनवणाऱ्याला सापडलं असेल तर तो सेट घ्या. डब्यावरच्या चित्राशी किती मिळतंजुळतं आहे हे नंतर बघा. मुलाच्या बोटांनी तो सांधा स्वतः जोडलेला असतो, म्हणून जरा मान कलली की माणूस लाजतो, जरा वर झाली की आशेने बघतो, हे त्याला उमगतं. चित्र काढणाऱ्या, कठपुतळी नाचवणाऱ्या माणसाला जे कळलेलं असतं, तेच हे.

आता उलट बाजू. 'अप' या 2009 च्या सिनेमातलं फुग्यांचं घर 2023 मध्ये सेट म्हणून आलं, 598 तुकड्यांचं. त्यातला म्हातारा कार्ल सिनेमात चौकोनी आहे: चौकोनी डोकं, चौकोनी चष्मा, चौकोनी खुर्ची. त्याचा हट्टीपणा त्या चौकोनात आहे. पण लेगोच्या छोट्या माणसाचं डोकं 1978 पासून एकाच घडणीचं, गोल डबीसारखं. कार्लचंही तेच. म्हणजे छापलेला चेहरा सोडला तर कार्ल त्यात फारसा उतरत नाही. हां, या माणसांचे गुडघे वाकत नाहीत, तेवढं मात्र आखडलेल्या म्हाताऱ्याला शोभून दिसतं. फुगेही सिनेमातल्या हजारोंच्या जागी एक छोटा घोस. या दोन गोष्टींवरून मी तो सेट नापास करायला निघाले होते.

शेजारची मुलगी तो जोडत होती. तिने कार्ल उभा केला, त्याच्यासोबतचा मुलगा रसेल उभा केला, डग कुत्रा ठेवला, आणि डब्यात हात घालून शोधू लागली. "आजी कुठे आहे?" एली म्हणजे कार्लची वारलेली बायको. तिची बाहुली त्या सेटमध्ये नाहीच. सिनेमातही कार्ल एकटा राहिल्यावर घराशीच बोलतो, त्यालाच एली म्हणून हाक मारतो. मी तिला एवढंच म्हटलं की घर नीट बघ. तिने घर उघडलं, आत डोकावली, मग कार्लला उचलून आत नेऊन ठेवलं आणि घर लावून घेतलं. इथे पात्र त्या छोट्या माणसात नाहीच, घरात आहे. माझं मत मी तिथेच बदललं. नऊच्या पुढच्या मुलांसाठी हा सेट मी बिनदिक्कत सुचवते, पण मुलाने सिनेमा बघितलेला असेल तरच. न बघता ते नुसतं रंगीत घर आहे.

किमतीबद्दल. आपल्याकडे हे सेट परदेशापेक्षा महाग पडतात, याचं एक मोठं कारण आयात शुल्क. खेळण्यांवरचं हे शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. म्हणून मग लोक तसाच दिसणारा स्वस्त सेट शोधतात. मीही एकदा घेतला होता. विटा एकमेकींना धरेनात. काही इतक्या घट्ट की काढताना नख दुखावं, काही इतक्या सैल की उचललं की हात गळून पडायचा. चौथ्यांदा हात पडल्यावर माझी भाची काही न बोलता उठून गेली. आपल्याला जमत नाही असं तिला वाटलं होतं, आणि मला आजही वाईट वाटतं ते याचं. दोष विटांचा होता, पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते कसं कळावं? पैसे कमी असतील तर मोठ्या नकलेऐवजी लहानसा अस्सल सेट घ्या. किंवा कुणाचा तरी वापरलेला घ्या. चांगल्या विटा वीस-वीस वर्षं पकड सोडत नाहीत. कुठल्याही कंपनीचा नवा घेतलात तरी डब्यावर आयएसआयचा शिक्का बघा, 1 जानेवारी 2021 पासून तो आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना सक्तीचा आहे.

दुकानात उभे असाल तर डबा फिरवून मागची बाजू बघा. पुढे पात्र ऐटीत उभं असतं. काय हलतं, काय उघडतं ते मागे दाखवलेलं असतं. मान, खांदे, पंजे यांपैकी काही हलत असेल तर चांगलं. चेहरा स्टिकरचा असेल तर मी जरा मागे सरते, कारण मुलांच्या हातून स्टिकर तिरका लागतो आणि मग तो तिरकेपणा कायम डोळ्यांत खुपतो. आणि एकूण तुकडे किती, या आकड्याला फार भुलू नका. बारीक बारीक तुकड्यांनी तो सहज फुगतो.

राहता राहिला कपाटावर बसण्याचा मुद्दा. वॉल-ईचा सेट कंपनीने केव्हाच बंद केला. आमचा अजून पुस्तकांच्या कपाटावर आहे. भाचा आता कॉलेजात आहे, हॉस्टेलवर राहतो. मध्यंतरी त्याने वॉल-ई पूर्ण सोडवला, धुतला, पंख्याखाली पंचावर वाळवला आणि पुस्तिका न उघडता पुन्हा उभा केला. मानेपाशी अडला तेवढा, तिथे पान शोधावं लागलं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई धूळ पुसताना त्याची मान दर वेळी वेगळी ठेवतात. गेल्या गुरुवारी मी बाहेरून आले तेव्हा तो मान वर करून दाराकडे बघत होता.