चष्म्याचा नंबर काढायला गेलेले मामा

गुऱ्हाळांचा हंगाम भरात असताना करवीर तालुक्यातल्या एका गुळव्याला नेत्रतज्ज्ञांनी थेट आमच्या कॅज्युअल्टीत पाठवलं. वय 52. तक्रार एवढीच, की काहिलीतल्या रसाचा रंग नीट कळेना आणि सकाळी उठल्यावर डोकं ठणकतं. गुळव्याचं सगळं कसब नजरेत असतं, पाक कधी उतरवायचा ते तो बघून ठरवतो. त्यामुळे मामा घाबरले आणि नंबर काढायला गेले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : डोळ्यांच्या दोन्ही पडद्यांवर ज्वाळेच्या आकाराचे रक्तस्राव, कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे डाग, दृष्टीच्या नसेच्या मुळाशी सूज. बीपी लगेच बघावे.

बीपी 232/136 भरलं. दंड जाड असल्यामुळे मोठा कफ, म्हणजे बीपी मोजताना दंडाला गुंडाळायचा पट्टा, लावला होता, कारण छोट्या कफवर आकडा उगाच वाढीव येतो. मग पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, दंड छातीच्या पातळीत आधारावर घेऊन आणि बोलणं बंद करून पाच मिनिटांनी दुसऱ्या हातात मोजलं. 228/134. म्हणजे मशीनची चूक नव्हती.

“मला बीपीचा कायबी त्रास न्हाई डॉक्टर,” मामा म्हणाले. “दोन वर्सं झाली, गोळी बंद केलीया. नॉर्मल आलतं की!”

हे वाक्य आमच्या ओपीडीत रोज कानावर पडतं. नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळे. मामांची गोळी ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची. तिचा असर शरीरातून हळूहळू उतरतो, त्यामुळे बंद केल्यावर पहिले काही दिवस आकडा फारसा हलत नाही आणि माणसाची खात्री पटते की आता गरज उरली नाही. पुढे बीपी चढत जातं, पण ना दुखतं ना खुपतं. त्यात भर म्हणजे काहिलीशेजारी उभं राहून गुडघे धरतात म्हणून हंगामभर दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी. ती शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी वाढवते आणि आधीच ताणात असलेल्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करते.

मामांचा भाचा मेडिकल दुकानात कामाला होता. त्याने हळूच विचारलं, “साहेब, जिभेखाली कॅप्सूल फोडून द्यायची का? पटकन उतरतंय.” पटकन उतरतं, हीच तर अडचण. वर्षानुवर्षं जास्त दाबावर चाललेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्या त्याच दाबाला सरावलेल्या असतात. दाब एकदम कोसळला तर मेंदूला रक्त कमी पडतं आणि ज्या पक्षाघाताला आपण भीत होतो तोच आपल्या हाताने घडतो. त्या कॅप्सूलमधलं निफेडिपिन म्हणूनच जिभेखाली वापरायचं नसतं. किती उतरेल यावर आपला ताबाच राहत नाही.

मामांना आयसीयूत घेऊन बीपी उतरवणारं लॅबेटॅलॉलचं इंजेक्शन पंपावर, म्हणजे मोजून थोडं थोडं, सुरू केलं. हिशोब साधा असतो. खालच्या आकड्यात दोन्ही आकड्यांच्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवला की सरासरी दाब निघतो. मामांचा 136 अधिक 32, म्हणजे 168. पहिल्या तासात यातला जास्तीत जास्त पाव भाग कमी करायचा, म्हणजे 126 च्या खाली जायचं नाही. 170/104 च्या आसपास थांबायचं. पुढच्या दोन ते सहा तासांत 160/100, आणि नॉर्मलकडे त्यानंतर एक-दोन दिवसांत, सावकाश. महाधमनी फाटलेली असेल किंवा मेंदूत रक्तस्राव असेल तर गणित वेगळं असतं, म्हणून छातीतल्या दुखण्याची चौकशी, दोन्ही हातांतलं बीपी आणि डोक्याचा सीटी स्कॅन आधीच झाले होते. सुदैवाने सीटी स्वच्छ होता.

बाकीचे रिपोर्ट तितके स्वच्छ नव्हते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा घटक, 2.4, लघवीत प्रथिनं दोन प्लस. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या साडेआठ सेंटिमीटरच्या आत. एरवी त्या नऊ ते बारा भरतात. इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत 15 मिलिमीटर, जी 11 च्या आत असायला हवी. किडनी आकसायला आणि भिंत जाड व्हायला वर्षं लागतात, म्हणजे हे दुखणं या हंगामातलं नव्हतंच. डोळ्यांनी फक्त बातमी दिली.

मामांच्या घरी मीठ वरून घेत नाहीत, असं मामी ठामपणे म्हणाल्या. मग खर्डा, लोणचं, पापड, मिसळीवरचा फरसाण यांची उजळणी केली. दिवसाला माणशी सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, ही मर्यादा. खर्डा-भाकरीच्या दोन जेवणांत ती कधी ओलांडली जाते कळतही नाही. “घामावाटं मीठ जातंय न्हवं?” हा मामांचा मुद्दा. जातं, पण चुलवाणापाशी घाम गाळणाऱ्याने भरपाई पाण्याने करावी. मीठ जेवणातून पुरेसं येतंच. भाच्याने आणायचं ठरवलेलं ‘कमी सोडियमवालं’ मीठही थांबवलं. त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी दुबळी असताना ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

घरी जाताना ॲम्लोडिपिन पुन्हा सुरू केलं. क्रिएटिनिन स्थिरावल्यावर बीपीची दुसरी गोळी, टेल्मिसार्टन, जोडली आणि दोन आठवड्यांच्या आत क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा तपासलं. या गोळीने क्रिएटिनिन सुरुवातीला थोडं वाढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतो, त्यापुढे गोळीचा फेरविचार. ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज येऊ शकते हे आधीच सांगून ठेवलं. नाहीतर सूज दिसली की किडनी गेली असं समजून माणूस हीच गोळी पुन्हा बंद करतो. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि शेक. मामा त्यावर खूश नाहीत, आणि मला ते समजतं. डायक्लोफेनॅकइतका आराम त्याने पडत नाही.

भाच्याने मनगटावरचं मशीन आणलं होतं, ते बदलून दंडावरचं घ्यायला लावलं. सकाळी गोळीआधी दोनदा आणि रात्री दोनदा मोजून वहीत लिहायचं ठरलं. ते काम मामींकडे. शिकवताना त्यांचंच बीपी मोजलं तर 168/100. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. त्यांचाही केसपेपर काढला.

काही आठवड्यांनी पडद्याची सूज उतरली, डागही बरेच विरले. रंग पुन्हा कळायला लागला. क्रिएटिनिन मात्र 1.9 वर अडकलंय आणि त्याहून खाली येईलसं वाटत नाही. चष्म्याचा नंबर नेत्रतज्ज्ञांनी सूज पूर्ण गेल्यावरच काढला : जवळचं वाचायला दीड.