बेरीज करू नकोस

स्मरणिकेसाठी आठवण लिहा, असा निरोप आला तेव्हा इतरांना गॅदरिंग आणि सहली आठवल्या असतील. मला आठवलं ते एक इंग्रजी क्रियापद.

नववीच्या पेपरात भाषांतराला वाक्य होतं, 'द मॅच वॉज पुट ऑफ टिल मंडे.' पुट म्हणजे ठेवणे, ऑफ म्हणजे बंद. मी बेधडक लिहिलं, 'सामना सोमवारपर्यंत बंद ठेवला.' इंग्रजीच्या बाईंनी भोपळा दिला आणि समासात लाल शाईने लिहिलं, 'बेरीज करू नकोस.'

पेपर वाटून झाल्यावर त्यांनी वर्गाला विचारलं, "'खाऊन टाक' म्हटल्यावर तुम्ही काय टाकता रे? आणि 'भलतंच बोलून बसला', तो कुठे बसतो?" आम्ही हसलो. आपल्याकडे जे काम दुसरं क्रियापद करतं, ते इंग्रजीत ऑफ, अप, आउट असली चिमुकली अव्ययं करतात, एवढंच त्यांना सांगायचं होतं. संयुक्त क्रियापद मला खऱ्या अर्थाने कळलं ते असं इंग्रजीच्या तासाला. मराठीच्या सरांना हे कधी सांगितलं नाही.

मग सबंध तास 'पुट ऑफ'वरच गेला. लग्न पुट ऑफ झालं, म्हणजे पुढे ढकललं, तर नवी तारीख लिहून घ्यायची. कॉल ऑफ झालं तर विषयच काढायचा नाही. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतं, पण 'इट' आलं की 'पुट इट ऑफ'च. "इट अंगाने बारीक, त्याला मध्येच बसवायचं," असं बाई म्हणायच्या. 'पुट ऑफ'च्या पुढे दुसरं क्रियापद आलं तर 'पुट ऑफ गोइंग', 'पुट ऑफ टू गो' नाही.

पण खरी मजा उरलेल्या अर्थांत होती. एखाद्या वासाने तुम्हाला 'पुट ऑफ' केलं, म्हणजे जेवणावरून तुमचं मन उडालं. 'ऑफ-पुटिंग' हे उलटं विशेषण आज याच अर्थाने वापरतात. पुढे ढकलण्याशी त्याचा आता काही संबंध नाही. आणि कुणी आश्वासन देऊन तुम्हाला 'पुट ऑफ' केलं, तर? आम्ही गप्प. बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला : बोळवण. तोही मूळचा प्रेमाने निरोप देण्याचा शब्द, पुढे वाटेला लावण्याचा झाला. इंग्रजीच्या बाईंची मराठी अशी होती.

पुढे नोकरीत भाषांतराचंच काम वाट्याला आलं. एकदा एक मसुदा तपासायला आला. मुळात सुनावणी 'पुट ऑफ' झाली होती, मसुद्यात ती रद्द झाली होती. लाल पेन उघडलं, समासापर्यंत नेलं, आणि खालची सही पाहिली. मसुदा साहेबांचा होता. 'पुढे ढकलली' एवढंच पेन्सिलीने, अगदी फिकट लिहिलं.