दांडी नसलेल्या मुलखात: चिखलदरा, काटकुंभ आणि तुटलेली क्लच केबल

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आणि मावसभाऊ मोटरसायकलने मेळघाटात गेलो. अमरावती, परतवाडा, चिखलदरा, मुक्काम, दुसऱ्या दिवशी काटकुंभवरून जारिद्याकडे, असा बेत होता. जारिदा काही पाहून झालं नाही. पण फोनबद्दल जे कळलं ते तिकडे जाणाऱ्यांच्या कामाचं आहे, म्हणून लिहितो.

परतवाड्याला पेट्रोल भरून घ्या. घाट चढताना मोबाईलच्या सिग्नलच्या दांड्या एकेक करून गळतात आणि व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला गेलं की ते नुसतं गरगर फिरत राहतं. यावरून आपल्याकडे सर्रास समज आहे की नेट गेलं म्हणजे जीपीएसही गेलं. तसं नाही. फोन उपग्रहांना काहीच पाठवत नाही, फक्त ऐकतो. वीस हजार किलोमीटर वरून चार उपग्रह नीट ऐकू आले की जागा कळते. सिम नसलं तरी, विमान मोडमध्ये टाकला तरी. त्या मोडचा फायदा असा की नसलेला टॉवर शोधत फोन बॅटरी खात बसत नाही.

नेट नसल्याचा त्रास वेगळ्या ठिकाणी होतो. कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन एरवी नेटवरून झटकन घेतो. नेट नसेल तर ती थेट उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि तो सेकंदाला ५० बिट एवढ्याच गतीने बोलतो. एका उपग्रहाचा पत्ता घ्यायला अर्धा मिनिट लागतो, मध्ये सागाची फांदी आली की पुन्हा पहिल्यापासून. दरीतल्या एका वळणावर माझ्या फोनने दहा मिनिटं घेतली. म्हणून परतवाड्यातच नकाशा फोनवर उतरवून घ्या (मी ऑसमँड हे ॲप वापरतो), निळा ठिपका जागेवर आलेला पाहा, मगच निघा. उपग्रहांची ही माहिती काही तास चालते.

चिखलदऱ्याला पोचल्यावर दादाला, म्हणजे अमरावतीतल्या थोरल्या भावाला, चाचणी म्हणून एसएमएस केला. अकराशे मीटरवर गार वारा, हातात कॉफी, आणि दादाचा फोन: "अरे तू चिखलदऱ्याले आहे का अंजनगावाच्या अलीकडं?" झालं असं होतं की कंपासच्या ॲपमध्ये अक्षांश-रेखांश म्हणून २१ अंश २४ मिनिटं, ७७ अंश २० मिनिटं दिसलं, आणि मी ते २१.२४, ७७.२० असं लिहून मोकळा झालो. अंशाची मिनिटं साठ असतात. २४ मिनिटं म्हणजे ०.४०. खरा आकडा २१.४०, ७७.३३ असा हवा होता. वीसेक किलोमीटरची चूक! नकाशावर ठिपक्यापाशी बोट दाबून धरलं की दशांशातले आकडे मिळतात, तेच पाठवा. दशांशानंतर चार आकडे पुरतात, दहाएक मीटरपर्यंत नेमकी जागा सापडते.

रविवारी काटकुंभला चहा घेतला. टपरीवाल्या काकांनी विचारलं, "कुठी चालले भाऊ?" जारिदा म्हटल्यावर म्हणाले, "मंग माहा नंबर घेऊन ठेवा. पुढं टावर नाई." आम्ही घेतला, आणि तिथूनच दादालाही पाठवला. हे एवढं एक काम आम्ही शहाण्यासारखं केलं.

चारच्या सुमाराला, एका नाल्यावरच्या पुलाच्या पुढे, क्लचची केबल तुटली. रस्त्यावर कोणी नाही. डिसेंबरात सहाच्या आत अंधारतं, आणि तो वाघांचा मुलूख आहे हे सांगायला नको. फोनवर एकही दांडी नव्हती. मावसभाऊ समोरच्या टेकाडावर चढायला निघाला, तेव्हा नशिबाने आठवलं की आकडे गाडीपाशी घ्यायचे, टेकाडावर नाही. मदत गाडीपाशी यायची आहे. कागदावर लिहून दिले.

वर एक दांडी येत-जात होती. फोन लागत नव्हता, पण एसएमएसला तेवढंही पुरतं. त्याला आवाजासारखा सलग रस्ता लागत नाही, क्षणभर फट मिळाली तरी निघून जातो, आणि समोरचा फोन बंद असला तर कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो. तरी पहिला मेसेज गेला नाही. भावाने देवनागरीत ऐसपैस लिहिला होता. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजी लिपीत १६०. त्याच्या मजकुराचे तीन तुकडे झाले आणि तिन्ही जायला हवेत. शिवाय मेसेजच्या ॲपमध्ये चॅटची सोय चालू होती, म्हणजे तो नेटवरूनच जायची वाट पाहत होता. ती बंद केली. मग मराठीतच पण इंग्रजी लिपीत, आखूड: गाडी बंद, क्लच केबल, दोघे ठीक, काटकुंभ-जारिदा रस्ता, पुलापुढे मोहाची तीन झाडं, आणि आकडे. 'पाठवला नाही' असं दोनदा आलं. तिसऱ्यांदा हात उंच करून गेला. एसएमएस नसलेला स्वस्त पॅक असता तर तेही नाही. निघण्याआधी तपासा.

दादाने आकडे नकाशावर टाकले आणि काकांना फोन केला. सव्वापाचला एक पोरगा केबल आणि पाना घेऊन आला. मी कौतुकाने आकड्यांचं विचारलं तर म्हणाला, "आकडे कायचे? तीन मोहा म्हटलं ना तुमच्या भावानं." तेव्हा आकडे अमरावतीसाठी आणि खूण काटकुंभसाठी, मेसेजमध्ये दोन्ही घाला.

केबल बसली आणि आम्ही मुकाट्याने मागे फिरलो. केबलचे आणि पेट्रोलचे पैसे त्याने घेतले, वरचे घ्यायला तयार नव्हता.

आणखी एक. अमेरिकेतल्या भाच्याला उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र आणायला सांगू नका. सॅटेलाईट फोन किंवा तसलं यंत्र आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, अशी यंत्रं घेऊन आलेले परदेशी पाहुणे विमानतळावर अडकले आहेत. नवीन आयफोनमधली उपग्रहावरून मदत मागायची सोयही भारतात चालू झालेली नव्हती, तिच्या भरवशावर जाऊ नका. मदतीच्या ११२ नंबरला मात्र आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून फोन जातो. कोणाचाच नसेल तर टेकाड शोधा.

रात्री घाट उतरून परतवाड्यात शिरलो तेव्हा खिशात फोन थरथरायला लागला. दुपारपासूनचे दादाचे सगळे मेसेज एकदम आले. पहिला होता, "मिळाला मेसेज, तिथंच थांबा." शेवटचा, "आईले सांगितलं नाई अजून."