बिनसेलचा एन्कोडर आणि तो लाल रकाना

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्लांट चालू केला आणि गॅन्ट्रीच्या (सरकत्या चौकटीच्या) उभ्या अक्षाचा आकडा उडालेला. एन्कोडर म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणारं उपकरण; त्यातला ३.६ व्होल्टचा लिथियम सेल सुट्टीतच संपला होता. शाफ्ट फेऱ्यात कुठे आहे ते दिसत होतं, फेरा कितवा ते गेलं. टेप लावून मापं घेण्यात शिफ्ट संपली. तेव्हाच ठरवलं, आता बिनसेलचा चुंबकीय मल्टीटर्न, म्हणजे पूर्ण फेरेही मोजणारा एन्कोडर.

निवड तासाभरात झाली: वीगँड तारेचा, एसएसआय (आकडा कंट्रोलरला पाठवायची पद्धत), फेऱ्याचे ८१९२ भाग, ४०९६ फेरे.

अडलं इंडेंटला, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्राला. फॉर्ममध्ये 'बॅटरी पार्ट नंबर' हा रकाना सक्तीचा. रिकामा ठेवला की लाल. 'लागू नाही' लिहिलं तर परचेसकडून परत: वीज नसताना मोजणार कशावर? दुसऱ्यांदा परत: सेल आत सील असेल, एक्सपायरी लिहा. तिसऱ्यांदा, बॅटरी नसल्याचं सप्लायरचं पत्र आणा. सतरा दिवस!

शेवटी सप्लायरकडून सॅम्पल आणून परचेसच्या टेबलावरच ठेवलं. टेस्टरवर आकडा दाखवला, केबल काढली, म्हटलं फिरवा. त्यांनी मोजून बारा फेरे दिले. केबल जोडली, बारा वाढलेले.

"आत सायकलचा डायनॅमो आहे का?"

"डायनॅमो हळू फिरवला की दिवा मंदावतो. हा मंदावत नाही." शाफ्टवरचं चुंबक फिरतं, शेजारच्या वीगँड तारेच्या गाभ्याचा आणि कवचाचा चुंबकीय स्वभाव वेगळा. क्षेत्र उलटलं की तार उंदराच्या सापळ्यासारखी एकदम पलटते. भोवतीच्या कॉइलमध्ये झटका उठतो, शाफ्ट कितीही सावकाश फिरला तरी तेवढाच. त्या चिमूटभर विजेवर चिप जागी होते, फेरा मेमरीत लिहिते, झोपते.

त्यांनी मान डोलावली आणि रकान्यात टाइप केलं, 'वीगँड'. लाल गेलं!

बसवणं अर्ध्या दिवसाचं काम. लवचीक कपलिंग लावा, मोटरच्या ब्रेककॉइलपासून लांब ठेवा, शेवटी प्रीसेट (सुरुवातीचा आकडा) द्या. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) कार्ड आकडा ग्रे कोडमध्ये वाचतं की बायनरीमध्ये, ते ऑर्डरपूर्वी बघा. आमचा एन्कोडर बाहेरच्या शाफ्टवर होता म्हणून जमलं, सर्वो मोटरच्या आतला असा सहज बदलता येत नाही.

परवा स्टोअरमधून फोन: "साहेब, ते वीगँड किती नग मागवू? स्टॉक शून्य दाखवतोय."