ओव्यांचं पान: एचटीएमएल झालं, आता सीएसएसशी झटापट

मावशीच्या जात्यावरच्या ओव्यांचं वेबपान आता मोबाइलवर वाचण्याजोगं झालंय. फ्रेमवर्क (तयार कोडचा साचा) नाही, जावास्क्रिप्ट (पानाला हालचाल देणारा कोड) नाही. एक एचटीएमएल फाइल (मजकूर आणि त्याची रचना), एक सीएसएस फाइल (तो कसा दिसावा ते) आणि शेजारी फोल्डरात तिच्या आवाजातल्या काही ओव्या, बस्स. पहिल्यांदाच पान करायला बसलेल्यांना सांगेन, रंग आणि मेनू राहू द्या, आधी मजकूर नीट बसवा. मजकूर मराठी असेल तर इंग्रजी धड्यांतली बरीच मापं आपल्या अक्षरांना बेतून घ्यावी लागतात.

सगळ्यात जास्त वेळ कोडमध्ये गेलाच नाही. मामेभावाने या ओव्या कधीकाळी शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. तसले फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रं. फॉन्ट काढला की उरते ती इंग्रजी अक्षरांची भेळ. कन्व्हर्टरने युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत) करून मिळतं, पण तिथून पुढे डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी दिसते तशीच, अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलट. त्यामुळे वेलांटी जोडाक्षरावर आली की कन्व्हर्टर गडबडतो, आणि ओव्यांत तर पावलोपावली रुक्मिणी! 'वाऱ्या', 'सासऱ्या' असे शब्दही एकेक करून तपासले.

मग सांगाडा. पानाला एकच एच-वन, म्हणजे मुख्य शीर्षक. जातं, माहेर, भाऊराया, पंढरी असे विभाग एच-टूमध्ये, म्हणजे उपशीर्षकांत. प्रत्येक ओवी हा एक परिच्छेद, म्हणजे पी टॅग (टॅग म्हणजे एचटीएमएलमधली खूण), आणि ओवीच्या आतली ओळ तोडायला बीआर. दोन परिच्छेदांत जागा सोडायला बीआरची रांग लावू नका, त्यासाठी सीएसएसमधलं मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) आहे. बीआर हा कविता आणि पत्ते अशाच मजकुरासाठी असतो, तेव्हा इथे तो हक्काने वापरला.

हेड भागात (ब्राउझरसाठीची माहिती असते तिथे) तीन गोष्टी न विसरता घालाव्यात. कॅरसेट यूटीएफ-८ (अक्षरं कशी साठवली आहेत ते सांगणारी), ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवी, म्हणून सगळ्यात वरच लिहा. दुसरी व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीत बसवणारी ओळ. ती नसेल तर फोन पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि मग सगळं मुंगीएवढं दिसतं. तिसरं शीर्षक. शिवाय मूळ एचटीएमएल टॅगवर भाषा 'एमआर' अशी नोंदवा. स्क्रीन रीडरला (पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मराठी आवाज निवडता येतो, आणि ज्या फॉन्टमध्ये हिंदी-मराठी अशी दोन्ही वळणं असतात तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

आता सीएसएस. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या १.८ पट ठेवली आहे. इंग्रजीला १.५ पुरते, पण आपल्याकडे वर मात्रा-रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. हा आकडा एककाशिवाय लिहायचा. पिक्सेलमध्ये दिला तर तेच माप जसंच्या तसं मोठ्या शीर्षकालाही मिळतं आणि त्याच्या ओळी एकमेकींवर चढतात. लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) मात्र हात लावू नका. इंग्रजी मथळे त्याने ऐटबाज दिसत असतील, आपल्या शिरोरेषेचे तुकडे पडतात. रुंदीसाठी 'सीएच' हे एककही मला निरुपयोगी वाटलं, कारण ते इंग्रजी शून्याच्या रुंदीवरून ठरतं. मी ३४ ईएम (एक ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप) कमाल रुंदी दिली.

फॉन्टवर बराच घोळ घातला. ओव्यांना तिरो देवनागरी मराठी घेतला. वळण छापील पुस्तकासारखं, वाचायला गोड. पण त्यात ठळक वजनच नाही. शीर्षकं मुळातच ठळक असल्याने ब्राउझर स्वतःच अक्षरं फुगवतो आणि 'द्ध', 'क्ष' यांची पोटं बुजतात. म्हणून शीर्षकांना 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता दिला. त्यात सात वजनं आहेत आणि तोही मुक्त परवान्याचा.

सध्याची डोकेदुखी म्हणजे लांब ओळी. ओवीची ओळ फोनच्या पडद्यावर मावत नाही, मधेच दुमडते, आणि वाचणाऱ्याला वाटतं नवी ओळ सुरू झाली. उपाय असा: डावीकडे २ ईएम पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि टेक्स्ट-इंडेंट (पहिल्या ओळीचं सरकणं) उणे २ ईएम. दुमडलेला भाग आत सरकतो. पण हे फक्त परिच्छेदाच्या पहिल्या ओळीला लागू पडतं, बीआरनंतरच्या ओळीला नाही. त्यामुळे बीआर काढून प्रत्येक ओळ वेगळ्या स्पॅनमध्ये (मजकुराचा तुकडा गुंडाळणाऱ्या टॅगमध्ये) घालतोय आणि त्या स्पॅनला डिस्प्ले ब्लॉक देतोय, म्हणजे तो स्वतंत्र ओळीवर बसतो. वर बीआरची एवढी तरफदारी केली ती आखूड कवितांसाठी खरीच आहे! माहेर आणि भाऊराया झाले, पंढरीच्या ओव्या सगळ्यात जास्त, त्या उरल्यात.

ऑडिओ टॅगला प्रीलोड 'नन' (आधीच काही उतरवू नको) दिलंय, नाहीतर काही ब्राउझर पान उघडताच फाइली खेचायला लागतात. पुढचं काम छपाईच्या सीएसएसचं: ऑडिओची बटणं लपवायची, अक्षर १४ पॉइंट करायचं आणि ओवी दोन पानांत तुटू द्यायची नाही. मावशीला कागदावरच हवंय. त्यासाठीचं ब्रेक-इनसाइड अव्हॉइड कुणी देवनागरी मजकुरावर छापून पाहिलं असेल तर कोणत्या ब्राउझरमधून नीट आलं ते सांगा.