तुम्ही विचारलंत म्हणून: कायदा झालाय, मग पोरांना समानता कशाला?

कॉलेजांत मुलामुलींशी कायद्यावर बोलायला जाते तेव्हा पालक, कधी कधी प्राध्यापकसुद्धा, हमखास विचारतात, मॅडम मुली शिकतायत, नोकऱ्या करतायत, कायद्याने सगळं मिळालंय, मग या पोरांना स्त्रीवाद कशाला? विचारलंत म्हणून नीट सांगते.

कायद्याने मिळालंय हे खरंच आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढा हिस्सा महाराष्ट्राने 1994 लाच दिला (तेव्हा लग्न झालेल्या मुली सोडून), देशभर तो 2005 ला आला आणि 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मापासूनचा. आता कुठल्याही दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात, जिथे जमिनीच्या कागदांची नोंदणी होते, तासभर बसून बघा. वडिलांचं दिवसकार्य नुकतंच उरकलेलं, बहिणींना गाडी करून आणलेलं, हक्कसोड पत्रात, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या कागदात, 'राजीखुशीने' असं टाईप केलेलं असतं पण ते कुणी वाचून दाखवत नाही, ताई इथे सही कर, अंगठा मशीनवर ठेव, कॅमेऱ्याकडे बघ, झालं. मग तलाठ्याकडे फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव जातं, जाताना हातात साडीचोळी. ती सही का करते? नाही म्हटलं तर माहेर तुटतं, आणि उद्या सासरी काही बिनसलं तर जायचं कुठे? मला याचा फार संताप येतो. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलींवर ही वेळ विशी-पंचविशीतच येते हो, शिकलेल्या असल्या तरी.

आणि मुलगे यातून सुटलेत असं समजू नका. जमिनीला वारस मुलगाच, याच हिशेबाने मुली जन्मायच्या आधीच संपवल्या गेल्या. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 894 मुली होत्या, बीड जिल्ह्यात 807. त्या मोजणीतली पोरं आता कॉलेजात आलीयेत. त्यांच्या आधीच्या पिढीचं काय झालं ते डिसेंबर 2022 ला सोलापुरात दिसलं, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून तरुणांनी नवरदेवाच्या वेशात घोड्यावरून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा म्हणाले. लोक हसले, पण मागणी अगदी बरोबर होती! आईबापांच्या पिढीने जे केलं ते ही पोरं फेडतायत, वर पुन्हा घर चालवायचं तर तूच, रडायचं नाही, शेती असली तरी पुण्यात नोकरी पाहिजेच.

म्हणून मी मुलामुलींना एकत्र बसवूनच बोलते. मुली विचारतात, सही नाही केली तर? तर काही नाही, वारस म्हणून नाव लागतं आणि राहतं, सहीची सक्ती कुणीच करू शकत नाही. मागे एक मुलगा थांबला, म्हणाला बाबा गेले, दोन्ही ताईंची नावं लावायचीत, घरात काका नको म्हणतायत, काय करू? त्याला म्हटलं काकांची परवानगी लागतच नाही, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घालून प्रतिज्ञापत्र घे, तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज दे आणि पोच मागून घे.