जिशोब

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कपाटाचा खालचा खण उघडा दिसला की प्रत्येक जण हेच विचारतो, "या जुन्या कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या अजून कशाला ठेवल्यात? चालतात तरी का?"

निम्म्याहून जास्त चालत नाहीत. चालत होत्या त्यांच्यातलं सगळं केव्हाच हार्ड डिस्कवर उतरवून घेतलंय, आणि ते सगळं मिळून मोबाइलवरच्या एका मिनिटाच्या व्हिडिओएवढंही भरलं नाही. तेव्हा उपयोगासाठी ठेवल्यात असं म्हणायची सोय नाही. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांतलाही मी नाही. फ्लॉपी दगाबाजच होती. मोठं सॉफ्टवेअर दहा-बारा फ्लॉप्यांवर यायचं. नऊ सुरळीत जायच्या आणि दहावीला ड्राइव्ह कण्हायला लागायचा. त्या कर्र-कर्र आवाजावरूनच कळायचं की आता पडद्यावर 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' येणार. रिट्राय दाबून कधी काही झाल्याचं मला आठवत नाही, पण दाबायचो मात्र दर वेळी.

तिच्यावर लिहिलेला १.४४ एमबी हा आकडासुद्धा धड खरा नव्हता. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, ट्रॅकवर १८ सेक्टर म्हणजे तुकडे, सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार करा: १४,७४,५६०. हजाराच्या मापाने ते १.४७ होतात, १०२४ च्या मापाने १.४१. एकदा १०२४ ने आणि मग एकदा हजाराने भागलं, तरच १.४४ येतं. इतका ओढूनताणून काढलेला आकडा आम्ही पाढ्यासारखा पाठ केला होता.

आणि ती लिखाण बंद करायची खिडकी! सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला खाच असायची. खाचेवर चिकटपट्टी लावली की लिहिणं बंद. साडेतीन इंची आली आणि नियम उलटा झाला: छोटी पट्टी सरकवून भोक उघडं ठेवलं की लिहिणं बंद. ज्यांनी दोन्ही वापरल्या त्यांनी या गोंधळात काही ना काही पुसलेलं आहेच. मीही पुसलंय.

मग ठेवल्या का? खरं सांगायचं तर एका फ्लॉपीमुळे. बाकीच्या तिच्या सोबतीला आहेत.

डॉस, म्हणजे विंडोजच्या आधी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. ते फाइल डिलीट करायचं म्हणजे मजकुराला हातच लावायचं नाही. यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथे एक खूण ठेवायचं आणि ती जागा मोकळी झाल्याचं टिपून घ्यायचं, बस. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर जिथल्या तिथे. १९९१ च्या डॉस ५ मध्ये अनडिलीट आलं. ते गेलेल्या फाइलींची नावं दाखवायचं, पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि विचारायचं: पहिलं अक्षर सांगा. बाकीचं सगळं त्याच्याकडे असायचं, तेवढं एक अक्षर तुमच्याकडून हवं असायचं. ते बरोबर आहे की नाही हे मात्र तपासायचं नाही, द्याल ते घ्यायचं.

माझी 'हिशोब' नावाची फाइल अशीच गेली. चौघांनी मिळून केलेल्या प्रवासाचा खर्च, कोणाकडून किती येणं, सगळं तिच्यात. घाबरून अनडिलीट चालवलं, '?इशोब' दिसलं, आणि एच दाबताना बोट शेजारच्या जेवर पडलं. फाइल परत आली. जिशोब म्हणून आली.

नाव बदलायला एक ओळीची आज्ञा पुरली असती, पण बदललं नाही. फ्लॉपीच्या लेबलावर निळ्या शाईत 'हिशोब' आहे, आत जिशोब.

मध्यंतरी तिची प्रत साध्या एडिटरमध्ये उघडून पाहिली. ती वर्डस्टार नावाच्या जुन्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली, आणि वर्डस्टार ओळी जुळवण्यासाठी शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या कोडमधला, एरवी रिकामा असणारा, आठवा बिट चढवून ठेवायचा. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या टोकाला काहीतरी अगम्य चिन्ह दिसतं. नावाचं पहिलं अक्षर मी घालवलं, शब्दांची शेवटची वर्डस्टारने. तरी कोणाकडून किती येणं आहे ते अजून लागतं. दोघांनी दिलेले नाहीत.